बाळाचा विचार आहे, तर जेवणात नेमकं काय बदलायचं?

तेरणा (धागाकर्ती)

लातूरपासून जवळच राहते, वय २९. मी आणि नवरा दोघंही नोकरीला. आता बाळाचा विचार करायलोय. ही गोष्ट दोन माणसांना सांगितली आणि वीस माणसांचे सल्ले आले. जाऊ म्हणते पपईला हात लावू नको. आत्याबाई म्हणतात तीळ, बाजरी, खजूर सगळं उष्ण, त्यानं दिवस राहत नाहीत. नणंदेनं कसलीशी पावडर पाठवलीय, डब्यावर हसरं बाळ आणि किंमत दीड हजाराच्या वर.

हिमोग्लोबिन ९.८ आलंय. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, "नीट खात जा" म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला. नीट म्हणजे काय, तेच विचारायला हा धागा.

सासूबाई माळकरी आहेत, घरात अंडं येत नाही. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, एखादी पालेभाजी नाहीतर वांगं, शेंगदाण्याची नाहीतर कारळाची चटणी. सकाळी चहा, जेवणावर चहा, चारला चहा. ह्यात काय कमी पडतंय? किवी आणि किन्वा सांगणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

सिंदफणा

किन्वा लिहायलाच आलो होतो, परत चाललो :)

त्या डब्याचं नाव तेवढं इथं लिहू नका ताई. लगेच एजंट उगवतात आणि धागा त्यांचा होतो.

मांजरा

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी नावडती गोष्ट सांगून टाकते. अमुक खाल्लं की दिवस राहतात, असा पदार्थ नाही. ट्यूब बंद असेल तर डिंकाचे लाडू ती उघडत नाहीत. खाण्याचं काम वेगळं आहे. बीज वेळेवर तयार व्हावं, अंगात रक्त असावं आणि दिवस राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बाळाला जे लागतं ते आईजवळ आधीच शिल्लक असावं.

आधीच का, तर बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींनी घरी तपासणीसुद्धा केलेली नसते. त्या दिवसांत फॉलिक ॲसिड कमी पडलं तर नळी अर्धवट मिटण्याचा धोका वाढतो. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करण्याआधी किमान महिनाभर, जमलं तर तीन महिने, आणि दिवस राहिल्यावर पहिले तीन महिने. मेथी, पालक, हरभरा, मूग ह्यांत ते असतं, पण शिजवताना बरंच जातं. भाजी खाऊनही गोळी घ्यायचीच.

आता ९.८. गरोदर नसलेल्या बाईचं बारापेक्षा कमी आलं की तो रक्तक्षय, आणि तुमचा अगदी किरकोळ म्हणण्यासारखा नाही. भाकरीचा हिशोब बघा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात वाणाप्रमाणे ३ ते ४ मिलिग्रॅम लोह असतं. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर दोन मिलिग्रॅमच्या आसपास. तीन भाकऱ्यांचे सहा-सात. आयसीएमआर ह्या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं भारतीय बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे. त्यातून धान्यातलं लोह अंगी लागतं ते थोडंच, आणि तुम्ही जेवणावर चहा पिता. चहातलं टॅनिन त्या थोड्यातलंही अडवतं. एकच बदल सांगायचा झाला तर मी भाकरीला हात न लावता चहा हलवेन. जेवणाआधी तासभर नाही, नंतरही तासभर नाही. ताटात लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, नाहीतर जेवणानंतर पेरू, आवळा, मोसंबी. क जीवनसत्त्व असलं की त्याच जेवणातलं लोह जास्त शोषलं जातं.

गोळ्या मात्र डॉक्टरांनी दिल्या तशाच. ९.८ वरून नुसत्या जेवणावर बारा गाठायचं म्हणाल तर फार वेळ जाईल. गूळ, बीट, खजूर ह्यांचा बोलबाला जास्त आणि लोह कमी. चमचाभर गुळानं रक्त वाढत नाही.

पूर्णाकाठ

ज्वारीचं निघालंच हाय तर सांगतो. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट ह्या पीक संशोधन संस्थेसंगं 'परभणी शक्ती' नावाचा वाण काढलाय, २०१८ ला. लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेला ज्वारीचा देशातला पहिलाच वाण म्हणतेत. किलोला लोह ४५ मिलिग्रॅम, साध्या वाणात ३० च्या आसपास. जस्त ३२, एरवी २०. आम्ही घरापुरतं पेरतो. मालदांडीची चव नाही म्हणून म्हातारी कुरकुर करती, पण पोरी खातेत.

मांजरा

@पूर्णाकाठ, चांगली आठवण केली दादा. तरी एका भाकरीला पावणेतीनपर्यंतच जाईल, म्हणजे डाळ-भाजी आणि गोळी सुटत नाही. ज्यांना बियाणं मिळतं त्यांनी जरूर पेरावं.

बालाघाट

आमच्या आजीला नऊ लेकरं झाली, सगळी शेतात काम करता करता. कुठलं फॉलिक आणि कुठलं काय. आजकालच्या पोरींना डब्यातलं खायची सवय, त्यानं हे सगळं व्हायलंय.

गोदाकाठ

नऊ झाली हे लिहिलंत, जगली किती तेही लिहा की भाऊ. आणि आजीला दर बाळंतपणाच्या वेळी रक्त किती होतं, ते कुणी मोजलं होतं? आज मोजायलेत तर कळायलंय: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. ह्या सगळ्या काही डब्यातलं खाणाऱ्या नाहीत.

तेरणा, मी साठी ओलांडलेली, पैठणकडची. तुझ्या यादीत भाकरी, वरण, पालेभाजी सगळं आहे, पण ते घरात शिजतं एवढंच त्यावरून कळतं. तुझ्या ताटात किती येतं? आमच्या घरी मी सून म्हणून आले तेव्हा आधी पुरुष, मग लेकरं, मग सासू, मग मी. तोवर भाजी कढईच्या कडेला लागलेली आणि वरणात वरचं पाणी. भाकऱ्या मात्र पोटभर, कारण भाकरी मोजायची पद्धत नव्हती. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं सगळं खरं, पण पातेलं तुझ्यापर्यंत येईस्तोवर त्यात काय उरतं, ते आधी बघ.

तेरणा

काकू, दोघंही साडेनऊला बाहेर पडतो, डबे मी भरते. त्याच्या डब्यात भाजीचे दोन कप्पे, माझ्यात चटणी-भाकरी, कारण 'मला चालतं'. रात्री मी शेवटी बसते. कुणी बस म्हणालेलं नाही, पण बसतेच.

दुधना

+१. आमच्याकडे ह्याला 'तिला चटणी लई आवडते' म्हणतात.

सहस्रकुंड

किनवट भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलंय, म्हणून दोन-तीन गोष्टी.

गोळ्या नीट घेऊनही महिन्या-दीड महिन्यात हिमोग्लोबिन हललं नाही तर डोस वाढवत बसू नका. पाळीत रक्त फार जातं का, जंताची गोळी घेतली आहे का, आणि थॅलेसेमिया वा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार तर नाहीत ना, हे बघायला हवं. आमच्या आदिवासी गावांत सिकलसेल आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दिवस राहण्याआधी कळलेलं केव्हाही बरं.

फॉलिक ॲसिडबद्दल: औषधाच्या दुकानात सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे मांजराताईंनी सांगितलेल्या मात्रेच्या बारापट. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टर ती मुद्दाम देतात. इतरांनी स्वतःहून घेऊ नये. आणि शाकाहारी घरात बी-१२ तपासल्याशिवाय तर नकोच. फॉलिकनं रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, बी-१२ ची कमतरता झाकली जाते आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

सोबत थायरॉइड, साखर, रक्तगट. रुबेलाची लस घेतली तर महिनाभर थांबून प्रयत्न. आणि सैंधव मीठ 'नैसर्गिक' म्हणून घरात आणलं असेल तर पाकिटावर आयोडीन लिहिलंय का बघा, बऱ्याच पाकिटांवर नसतं.

कयाधू

बी-१२ साठी अंडं सोपं, पण माळकरी घरात ते कसं जमवायचं? आमच्या हिंगोलीकडे अशीच गत. गंमत म्हणजे नवरे चौकातल्या गाड्यावर ऑम्लेट खाऊन घरी येतात, कुणाला काही वाटत नाही. सुनेनं खाल्लं की घर बाटतं.

बालाघाट

माळ घातलेल्या घरात अंडं आणा म्हणणं पटत नाही. श्रद्धा म्हणून काही असतं का नाही?

मांजरा

@बालाघाट, आणा कुणी म्हणत नाहीये. अंड्याशिवाय भागतं. बी-१२ दूध, दही, ताक, पनीर ह्यांत आहे, पण मग ते रोज आणि पुरेसं हवं. चहात घातलेलं दूध त्यात धरू नका. दोन वाट्या दही किंवा दोन पेले दूध असं काही हवं. पातळी कमीच असेल तर गोळी वा इंजेक्शन. प्रथिनांसाठी दर जेवणात डाळ-कडधान्य, आणि डाळ म्हणजे चमच्यानं उचलता येईल अशी घट्ट. मोड आलेली मटकी, मूग, हुलगे. मोड आणले की लोह अडवणारं फायटेट कमी होतं. पीठ आंबवल्यानंही होतं, म्हणून आपली आंबील मला फार आवडते.

उष्ण-थंडाचं विचारलं होतं: तीळ खा, बाजरी खा, हिवाळा आहे. पिकलेली पपई खा. कच्च्या पपईचा चीक गरोदरपणात टाळायचा, एवढंच त्यातलं खरं. मांसाहारी असाल तर मटण, गोदावरीचे रोहू-कटला उत्तम. कलेजी आत्ता अधूनमधून चालेल, दिवस राहिल्यावर नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

घाटावरची

मी आशा वर्कर हाय, पाटोद्याकडली. वर सगळं वाचलं. चांगलं हाय, पण आमच्या बायकांचं पण लिवते.

दिवाळी झाली की जोड्या उसाला जातेत, पाडव्याच्या टायमाला येतेत. नवीन लग्न झालेल्या पोरी पण जातेत, कोयत्याला जोडी लागती म्हणून तर लग्न लवकर. पहाटं उठून भाकरी थापायची, तीच दुपारपर्यंत फडात खायची. संगं ठेचा नाहीतर चटणी. भाजीपाला कुठून आणावा तिथं? पालावर दूध नाही. पाळीत सुट्टी घेतली तर खाडा, म्हणून काम करायचंच. दिवस राहिलेत हे कळायच्या आदी मोळ्या उचलून झालेल्या असतेत.

म्या काय करते, जायच्या आदी लाल गोळ्या बांधून देते. सरकारी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आन ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक, आठवड्याला एक. पोरी फेकून देतेत, कारण शी काळी होती, मळमळतं. त्याना सांगते, काळी होती म्हंजे गोळी चालू हाय, भेयाचं नाही. रात्री जेवून झोपताना घ्या, मळमळ झोपंत निघून जाती. आन पिशवीत शेंगदाणे, फुटाणे, लिंबं घेऊन जा. लिंबू टिकतं. ठेच्यावर पिळायचं. ह्याच्या म्होरं फडावर काही जमत नाही, खरं सांगते.

मांजरा

घाटावरचीताई, शेंगदाणे-फुटाणे आणि लिंबू ह्याहून बरं तिथं मीही काही सुचवू शकले नसते. तेरणाताईंसाठी एक खुलासा: आठवड्याची लाल गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. ९.८ ला डॉक्टर रोजची देतात, ती सोडून ही घेऊ नका.

बिंदुसरा

पुरुष म्हणून लिहितो, कारण एवढ्या चर्चेत नवऱ्याचा उल्लेख ऑम्लेटपुरताच आलाय.

आमच्याकडे बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोन डॉक्टर बदलले, उपास झाले, नवस झाले. माझी तपासणी शेवटी झाली, कारण मला कुणी सांगितलंच नाही आणि मीही विचारलं नाही. काउंट कमी, हालचाल कमी. गुटखा कॉलेजपासून. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, आमच्या बसस्टँडवर तर सकाळी सहाला मिळतो. डॉक्टर म्हणाले शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आज सोडलं तर फरक तीन महिन्यांनी मोजायचा. गुटखा सोडला, दारू सोडली, जिमवाल्यानं दिलेली इंजेक्शनं बंद केली (ह्या इंजेक्शनांनी काउंट शून्यावरसुद्धा जातो, हे जिमवाला सांगत नाही). खाण्यात भाज्या, मोडाची उसळ, मूठभर शेंगदाणे, अंडी. फवारणीला आता तोंड-हात झाकून जातो.

काउंट सुधारलाय. गोड बातमी अजून नाही. पण बायकोवरचा जाच थांबला, कारण रिपोर्ट मी स्वतः आईला दाखवला.

गोदाकाठ

शाबास रे पोरा.

दुधना

मला पीसीओएस (पाळी आणि बीज बिघडवणारा हार्मोनचा त्रास) आहे, पाळी दोन-दोन महिने येत नव्हती. सगळ्यांनी भाकरी बंद करायला सांगितली. माझ्या आहारतज्ज्ञांनी उलट भाकरी ठेवली आणि चहातली साखर, बिस्किटं, खारी-टोस्ट, संध्याकाळचा सुशीला (फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, आमच्याकडे परातभर होतो) ह्यांवर आणलं. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळजणींत बीज बनायला लागतं, असं त्या म्हणाल्या. माझी पाळी आता बऱ्यापैकी लागलीय.

उपासाचंही बोला कुणीतरी. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, नवरात्र. साबुदाणा आणि चहावर दिवस काढायचा आणि मग चक्कर येते म्हणायचं.

मांजरा

उपास धरणारीला मी मोडा म्हणत नाही, ऐकत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दही, फळ. पण ९.८ असताना आठवड्याला दोन उपास नकोत, हे मात्र स्पष्ट सांगते. वजन फार कमी असेल तरीही नकोत. वजन जास्त असलं की पाळी बिघडते तशी फार कमी असलं तरी बिघडते, आपल्याकडे त्या दुसऱ्या बाजूकडे लक्षच जात नाही.

खारी-टोस्टवरून आठवलं. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या सतरा हजारांहून जास्त नर्सबायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ट्रान्सफॅट (डालड्यासारख्या घट्ट केलेल्या तेलातली चरबी) कमी, वनस्पतिजन्य प्रथिनं आणि लोह जास्त, अशा खाण्याच्या बायकांत बीज न बनल्यामुळे येणारं वंध्यत्व कमी आढळलं. त्यावरून खाण्यामुळेच तसं झालं असं सिद्ध होत नाही, पण आपलं वरण-उसळ त्यात चपखल बसतं. ट्रान्सफॅटवर आपल्याकडे २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणाऱ्या गाड्यावर ती कोण मोजणार. घरचं करडईचं तेल, जवसाची चटणी बरी.

औंढेकर

आमच्याकडे एक वैद्य आहेत, शिवलिंगीचं बी गाईच्या दुधातून देतात. मुलगाच होतो. पत्ता हवा असेल तर निरोप करा.

व्यवस्थापन

वरच्या सदस्याचे पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत. लिंगनिवडीची जाहिरात १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, इथे चालणार नाही. मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणी शुक्राणूवरून ठरलेलं असतं, नंतर कुठल्याही बियानं बदलत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, तेव्हा ह्या भागात हा विषय थट्टेचा नाही.

सिंदफणा

एजंट उगवतात म्हणालो होतो ना.

तेरणा

सगळ्यांचे आभार. घरी काय काय झालं ते लिहिते.

चहा जेवणावरून हलवला. पहिले दोन दिवस डोकं दुखलं, आता नाही. डब्याचे कप्पे सारखे केले. नवऱ्यानं विचारलं 'भाजी कमी का', तर हा धागाच वाचायला दिला. बिंदुसरादादांचा प्रतिसाद वाचून तो गप्प झाला आणि तपासणीला यायला तयार आहे. पावडर नणंदेला परत.

रात्री सासूबाईंना म्हटलं, आपण संगंच बसू या का. त्या म्हणाल्या, "मग वाढणार कोण?" आता पातेली मधे ठेवून ज्यानं त्यानं घ्यायचं चाललंय. त्यांना फारसं पटलेलं नाही. अंड्याचं मात्र सरळ सांगितलं, "घरात नाही. बाहेर काय खातीस ते मला सांगू नको."

बी-१२ कमी निघालं, त्याचं चालू झालंय.

एक शंका. परवा येळवस (वेळ अमावस्या) झाली. भज्जी खाताना वाटलं, तूर, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचा पाला, मेथी, चुका, शेंगदाणे, चिंच, एवढं सगळं एका पातेल्यात, हे वर्षातून एकदाच का करायचं? आणि दुसरी, लोहाची गोळी आंबिलीसंगं घेतली तर चालते का?

मांजरा

आंबिलीत ताक आहे, ताकात कॅल्शियम. गोळी त्यासोबत नको, दुधासोबतही नको. पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्या, आंबील दुसऱ्या वेळेला. कॅल्शियमची गोळी दिली असेल तर तीही वेगळ्या वेळी.

आणि डॉक्टरांकडे किती दिवसांनी जायचं, हे कुणी विचारलं नाही म्हणून: नियमित प्रयत्न करून वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर, पस्तिशीच्या पुढे असाल तर सहा महिन्यांत, आणि पाळी मुळातच अनियमित असेल तर वाट न बघता. दोघांनी.

गोदाकाठ

भज्जीला ओले दाणे लागतात म्हणून ती तेव्हाच होते. एरवी रात्री तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे भिजत घालायचे, सकाळी कुकरला. मेथी, पालक, चुका जे असेल ते चिरून टाकायचं, चिंचेचं पाणी, थोडं बेसन ताकात कालवून लावायचं. लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी करडईच्या तेलाची. बेसन घातल्यावर ढवळत राहा, खाली लागतं. चार माणसांना दोन वेळा पुरते.

दुधना

काकू, चुका मिळाला नाही तर आंबाडी चालेल का?

गोदाकाठ

चालेल की. मग चिंच कमी घाल.